कॅरिअरवरचं पोतं

उतार आला की आमचे सर सायकलवरून खाली उतरायचे आणि चालू लागायचे.

चढ आला की नव्हे, उतार आला की. सगळी माणसं चढावर धापा टाकत उतरतात आणि उतारावर पाय सैल सोडून वारा पीत सुटतात. सरांचं उलटं. चढावर ते मान खाली घालून पॅडल मारत राहायचे. वर पोचले की पाय टेकवायचे, हँडल धरायचे आणि बैल पाण्यावर नेणाऱ्या माणसासारखे सायकल घेऊन सावकाश खाली यायचे. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं, चेन पडली असेल. दुसऱ्यांदा वाटलं, चक्कर आली असेल. तिसऱ्यांदा विचारलंच.

"चढावर सायकलच सांगते बाई, का थांब म्हून," सर म्हणाले. "उतारावर कोणीच सांगत नाही. तथी आपल्यालेच समजलं पाहिजे."

मी मान डोलावली, पण मनात म्हटलं, म्हातारा चक्रम दिसतो.

अमरावतीचे आणि अकोल्याचे आम्ही काही हौशी लोक रविवारी सकाळी आपापल्या गावातून सायकलनं निघतो आणि मुर्तिजापूरला भेटतो. ते साधारण मधोमध पडतं. हायवेवरच्या एका टपरीवर आलुबोंडे खायचे, फोटो काढायचे आणि जाळलेल्या चरबीच्या दुप्पट तेल पोटात घालून परत फिरायचं, असा हा व्यायाम. मी त्यात शिरले ती शुगरमुळे. सरकारी कचेरीत खुर्चीला चिकटून इतकी वर्षं काढल्यावर डॉक्टरांनी दम दिला आणि घरच्यांनी सायकल आणून दारात उभी केली. आमचा कॅप्टन अमरावतीत कोचिंग क्लास चालवतो. त्याच्या मनगटावरचं घड्याळ त्याला त्याच्या हृदयाचे ठोके सांगतं, आणि तो ते आम्हा सगळ्यांना सांगतो. बाकीच्यांच्या सायकली गिअरच्या, कपडे अंगाला घट्ट, डोळ्यांवर रंगीत चष्मे. आणि या वरातीच्या शेवटी, डोक्याला दुपट्टा गुंडाळून त्यावर हेल्मेट चढवलेले, काळ्या जुन्या सायकलवर ताठ बसलेले आमचे सर. अकोल्याच्या जुन्या शहरात एका शाळेत त्यांनी आयुष्यभर विज्ञान शिकवलं होतं. सत्तरी कधीच ओलांडली होती.

सर नेहमी शेवटी. त्यांच्या मागे कोणी राहिलेलं त्यांना खपायचं नाही. मीही अकोल्याची आणि मुळात हळू, त्यामुळे शेवटून दुसरा नंबर कायम माझा, आणि त्यामुळेच हा माणूस माझ्या वाट्याला जास्त आला. सुरुवातीला मला त्याचा रागच यायचा. मागे कोणी चालवत असलं की आपण आणखी हळू आहोत असं वाटतं. एकदा मी चिडून म्हटलं, "सर, तुम्ही व्हा ना पुढे."

"पुढं जाणारे लई हायेत. मांगं कोनीच नाही, म्हून मी हावो," ते म्हणाले. मग थोडं थांबून, "समोरच्याले रस्ता दिसते, बाई. मांगच्याले मानसं दिसतात."

आणि खरंच दिसायची. कोणाचा गुडघा दुखतोय, कोण घरी भांडून आलाय, कोणाच्या मागच्या चाकात हवा कमी आहे, हे सरांना पाठीमागून कळायचं. मुर्तिजापूरला चहा घेताना ते त्या त्या माणसाच्या शेजारी जाऊन बसायचे, एवढंच.

त्यांच्या कॅरिअरची एक वेगळीच गोष्ट होती. ते कधीही रिकामं नसायचं. कधी ज्वारीनं भरलेलं कट्टं, कधी रद्दी, कधी ढेप, एकदा तर चक्क दगडी पाटा. रविवारी सकाळी व्यायामाला येताना पाटा कोण आणतं? कॅप्टन म्हणायचा, सर वजनाचं ट्रेनिंग करतात. सर हसायचे आणि दोरी आणखी आवळायचे. एकदा आमच्यातल्या एका मुलीचा पाय मुरगळला. ती म्हणाली, "सर, पोतं आणि माझी सायकल कोणीतरी आणेल, मला तुमच्या कॅरिअरवर घ्या, फाट्यापर्यंत." सरांचा चेहरा असा झाला की तिनं जणू किडनी मागितली. त्यांनी ऑटोवाल्याला फोन लावला, ऑटो येईपर्यंत तिच्यासोबत बाभळीच्या सावलीत उभे राहिले, स्वतःच्या बाटलीतलं पाणी पाजलं, पण कॅरिअर काही सोडलं नाही. तेव्हा मला ते फार कद्रू वाटले.

मोठ्या दौऱ्याची गोष्ट निघाली तेव्हा कॅप्टनचं ठरलं होतं, कन्याकुमारी. तिथला फोटो चांगला येतो म्हणे. सर टपरीच्या बाकावर बसून बोंड्याचं तेल कागदाला पुसत होते. म्हणाले, "थे ठीक हाये. पन हा जो आपल्या दारातून जाते, हा रस्ता कुठी जाते, हे पाह्यलं का कोनी?"

कोणीच पाहिलं नव्हतं. आमचा हा हायवे, ज्यावर आम्ही जन्मापासून ट्रक मोजले, लग्नाला गेलो, दवाखान्यात गेलो, तो आमच्या लेखी पूर्वेला नागपूरला संपत होता. सरांनी सांगितलं, हाच रस्ता नागपूर, रायपूर, संबलपूर करत थेट ओडिशातल्या पारादीप बंदरावर समुद्राला लागतो. "आपल्याच आंगनातला रस्ता, अन् त्याचं टोक आपल्याले मालूम नाही. मानूस मरून जाईन बाप्पा, अन् रस्त्याची ओयख नाही!" कॅप्टननं मोबाइलवर पाहिलं. खरं होतं. कन्याकुमारी तिथंच बारगळली.

निघायच्या आधी मी एकदा सरांच्या घरी डोकावले. मोर्णा नदीच्या पलीकडे, गल्लीच्या आत गल्ली, तिच्या टोकाला दोन खोल्या. सर बाहेर गेले होते. त्यांच्या बायकोनं, म्हणजे काकूंनी, चहा टाकला. एक पाय आखूड असल्यामुळे त्या प्रत्येक पावलाला जरा कलायच्या, पण चालायच्या अशा झपाट्यानं की बघणाऱ्याला वाटावं, घरच वाकडं आहे. कोपऱ्यात गोवऱ्यांचं एक पोतं तोंड शिवून ठेवलं होतं.

"थे न्याचं हाये समुद्रावर," काकू म्हणाल्या. "म्या नवस बोलला, का समदे धडधाकट पोचले त तथी रोडगे करीन म्हून."

रोडगे म्हणजे आमच्याकडचं नवसाचं जेवण. कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या विस्तवात भाजायचे, राख झटकून फोडायचे, वर तूप, वरण आणि वांग्याची भाजी. विस्तव गोवरीचाच लागतो. या गोवऱ्या तर खास हिवरखेडहून, काकूंच्या माहेरच्या गोठ्यातून आणलेल्या. काकू आणि कॅप्टनची बायको रेल्वेनं ओडिशात पोचणार होत्या, आणि आमच्यासोबत सामानाचा छोटा टेम्पोही होता. मी म्हटलं, "काकू, पोतं टेम्पोत टाकू, नाहीतर तुम्ही रेल्वेनं आणा. सरांनी कशाला ओढायचं?"

काकू चहा गाळता गाळता थांबल्या. "त्यायले कॅरिअर रिकामं पाहवत नाही, बाई."

मग त्यांनी सांगितलं. लग्नाच्या पहिल्या वर्षी दोघं चिखलदऱ्याला गेले होते, एसटीच्या टपावर सायकल टाकून. येताना घाट सायकलनं उतरायचा, ही सरांची हौस. काकू मागे कॅरिअरवर. "म्याच म्हटलं त्यायले, जोरात घ्या म्हून. मले वारा लागत होता ना! ब्रेक दाबला त ब्रेकच नाही. वळनावर मी एकीकडं अन् हे एकीकडं." पाय मोडला तो नीट बसलाच नाही. त्या हिवरखेडच्या शाळेत खो-खो खेळायच्या. चपळ म्हणून तालुक्यात नाव होतं. ते सगळं त्या वळणावर राहिलं. "म्या कधी एक शब्द नाही काढला. पन ह्यायनं मनाले लावून घेतलं. तवापासून उतारावर बसत नाहीत, अन् कॅरिअरवर कायी ना कायी बांधून ठेवतात. रिकामं दिसलं त मी बसाले मांगन, याचं भेव."

"मग मागा ना तुम्ही."

"मी काहून मांगू?" काकू एकदम फणकारल्या. "पाय माहा गेला. त्यायनं म्हनाव एकदा, का बस म्हून. मी वाट पाहून राह्यली."

घरी परत येताना मला पाट्यावर हसल्याची, ऑटोच्या प्रसंगावर चरफडल्याची फार लाज वाटली. पण त्याहून जास्त कीव आली ती दोघांची. एकाच घरात दोन माणसं, एक बस म्हणत नाही आणि दुसरं बसू का म्हणत नाही, आणि मध्ये एक सायकल उभी.

दौरा सुरू झाला. सरांचा रस्त्यावरचा एक नेम होता. जिथे थांबू तिथे, चहावाला असो की गुराखी, ते विचारणार, हा रस्ता कुठे जातो? स्वतःला ठाऊक असताना. बडनेऱ्याच्या माणसानं सांगितलं, नागपूरले. भंडाऱ्याच्या माणसानं सांगितलं, रायपूरले. रायपूरच्या पुढे एक आजी म्हणाल्या, "सरायपाली." जो तो आपल्या पुढचं गाव सांगायचा. समुद्राचं नाव कोणी घेईना. सर दर वेळी खूश व्हायचे. "पाहा, कोनाले पुढच्या गावाच्या पलीकडचं काही पडलं नाही. अन् जग चालून राह्यलं!"

ओडिशाच्या सीमेवर पोलिसांनी अडवलं. आमच्या महागड्या सायकलींकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. त्यांना संशय आला तो पोत्याचा.

"बोरे में क्या है?"

"कंडे," सर म्हणाले.

पोलिसानं पोतं हुंगलं. "कंडे? महाराष्ट्र से? काहे, हमारे यहाँ गाय नहीं है क्या?"

"है ना साहब. मगर ये ससुराल के हैं."

तो पोलीस असा हसला की त्यानं आम्हा सगळ्यांना चहा पाजला आणि सासुरवाडीच्या गोवऱ्यांसोबत स्वतःचा फोटोही काढून घेतला.

ओडिशातल्या देवगडच्या आसपास रस्ता डोंगरात शिरला. दोन्ही बाजूंना सालाची झाडं आणि एकामागून एक उतार. सर प्रत्येक उतारावर उतरून चालणार, आणि सर मागे म्हणून कॅप्टनला पुढे थांबणं भाग. दुपारी एका वळणावर तो भडकला. "सर, असं केलं तर आपण पोचणारच नाही. काकू तिथे वाट बघतील. उद्यापासून उताराला सायकल टेम्पोत टाका, नाहीतर तुम्हीच टेम्पोत बसा."

सर हँडल धरून चालत राहिले. कॅप्टन तणतणत पुढे गेला. मी सायकलवरून उतरले आणि त्यांच्याबरोबर चालू लागले. खरं तर मलाही भूक लागली होती आणि मीही वैतागले होते, पण त्या माणसाला तिथे एकटं सोडवेना.

बरंच चालल्यावर तेच म्हणाले, "काकूनं सांगतलं असंन तुमाले."

"हो."

"मले तिले बसवाचं हाये, बाई. एकदा. समुद्रापाशी म्हनीन म्हंतो, का बस म्हून. पन थे नाही म्हनली तं?"

सत्तरी ओलांडलेला, तीन-चार पिढ्यांना आवाजानं धाक घातलेला माणूस मला हे विचारत होता. मला भरून आलं. पण माझा स्वभाव मेला असा की भरून आलं की मी तोडून बोलते. मी म्हटलं, "सर, समुद्रापाशी तर रस्ता संपतो. तिथे रोडगे होणार, मग पोतं रिकामं होणार, मग तुम्ही बस म्हणणार. बसून त्यांनी जायचं कुठे? पाण्यात?"

सर थबकले. मग इतक्या वर्षांची लबाडी पकडली गेल्यासारखे ओशाळं हसले आणि पुन्हा चालू लागले. त्यांनी सगळं असं बेतलं होतं की विचारायची वेळच येऊ नये. त्यांना स्वतःलाही ते तोवर कळलं नसावं.

डोंगर संपले आणि जमीन सपाट झाली. भातशेती, नारळ, तळी. सरांना उतरायला उतारच मिळेना. एके ठिकाणी मुरमुरे विकणाऱ्या बाईला त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला, हिंदीत, आणि हातानं रस्ता दाखवून. तिनं आमच्याकडे, आमच्या घामाकडे पाहिलं आणि एकच शब्द उच्चारला, "समुद्र." भाषा वेगळी, पण शब्द आपलाच. सरांनी हेल्मेट काढलं, दुपट्ट्यानं डोळे पुसले आणि तिच्याकडचे होते नव्हते तेवढे मुरमुरे घेतले. पुढचे दोन दिवस आम्ही मुरमुरेच खात होतो.

बंदराच्या अलीकडे, शेवटच्या मुक्कामाला, एका आमराईशेजारच्या धर्मशाळेत काकू आमच्या आधीच येऊन बसल्या होत्या. सकाळी त्यांनी सगळ्यांना ओळीत उभं केलं. प्रत्येकाचे हात पाहिले, गुडघे पाहिले, कॅप्टनचे दात पाहिले. "समदे धड हायेत," त्या म्हणाल्या. "झाला माहा नवस. सोडा थे पोतं."

सर पुढे झाले. "अवं, नवस समुद्राचा होता ना? अजून रस्ता हाये."

"नवस कोनाचा हाये?"

"तुहा."

"मंग मी ठरवीन."

आंब्याखाली गोवऱ्या रचल्या. पेटल्यावर तो धूर असा आला की क्षणभर आम्ही सगळे वऱ्हाडात. धर्मशाळेचा राखणदार नाक धरून उभा होता, मग रोडगा तुपात बुडवून हातावर दिल्यावर तोही मांडी घालून बसला. सर मात्र विस्तवाभोवती घुटमळत होते. चार-पाच गोवऱ्या त्यांनी हळूच बाजूला काढून ठेवल्या, "परतीले लागतीन" म्हणत. काकूंनी पाहिलं. उठल्या, कलत कलत आल्या आणि त्याही गोवऱ्या उचलून विस्तवात टाकल्या. एकही शिल्लक ठेवली नाही.

जेवणं झाली. काकूंनी रिकामं पोतं झटकलं, त्याची चौघडी घातली आणि सरांच्या काळ्या सायकलच्या कॅरिअरवर ठेवली. मग पदर खोचून शेजारी उभ्या राहिल्या. कॅप्टननं घड्याळात पाहिलं, बहुधा स्वतःचेच ठोके. मी सरांकडे बघत होते. देवा, एक शब्द, मी मनात म्हणत होते, एक शब्द बोल रे बाबा.

"बस," सर म्हणाले. आवाज असा की कोणी दुसराच बोलला.

"इतका वखत लागते का?" काकू म्हणाल्या आणि बसल्या.

त्या दिवशी पहिल्यांदा सर माझ्या पुढे होते आणि मी शेवटी. मागे फक्त टेम्पो, दिवे लावून. सुरुवातीला सायकल डगमगली. काकूंनी एका हातानं सीटखालची स्प्रिंग धरली होती. आखूड पाय जरा वर लोंबत होता. थोड्या वेळानं तो हात स्प्रिंगवरून सुटला आणि सरांच्या कमरेला गेला. मागच्याला माणसं दिसतात, हे खरं आहे. मला तेवढंच दिसत होतं.

मग नदीवरचा लांब पूल आला. सर चढाला लागले, घामाघूम होऊन वर पोचले आणि समोर उतार. त्यांनी सवयीनं पाय टेकवला. मीही थांबले.

"उतर," ते म्हणाले.

"काहून?"

"उतार हाये."

"दिसते मले. ब्रेक हायेत ना?"

"हायेत. काल नवे रबर टाकले."

"मंग चाला. अन् जोरात घ्या."

सरांनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं, जणू मी परवानगी देणार होते. मी नुसता हात हलवला, जा म्हणून. आणि ते गेले. आधी ब्रेक दाबत दाबत, मग सोडत सोडत. काकूंचा पदर सुटून उडाला. खालून वाऱ्यावर त्यांचं हसणं आलं, आणि ते म्हाताऱ्या बाईचं नव्हतं. मी पुलावर उभी राहून भोकाड पसरून रडले. टेम्पोवाला खाली उतरून विचारायला लागला, ताई पंक्चर झालं का.

रस्त्याचं टोक म्हणाल तर काही विशेष नव्हतं. बंदराचं फाटक, ट्रकांची रांग, धूळ. आत जाऊ देईनात. कॅप्टनचा फोटो फाटकासमोरच निघाला. मग बाजूच्या वाटेनं जाऊन समुद्र पाहिला. सरांनी एकदा पाहिला आणि म्हणाले, "ठीक हाये." काकूंना मात्र भरती आवडली, कारण परतणारी लाट पायाखालची वाळू काढून नेते आणि दोन्ही पाय सारखेच खचतात.

याला आता काही काळ झाला. रविवारी सर अजून मुर्तिजापूरला येतात. एकटे असले की उतारावर अजूनही उतरतात. फक्त कॅरिअरवर आता ती पोत्याची चौघडी तेवढी असते, दुसरं काही नाही. मागच्या रविवारी नव्यानं आलेल्या एकानं ते रिकामं पाहून आपली बॅग त्यावर टेकवली.

सरांनी बोंडा खाली ठेवला आणि बॅग उचलून हळूच त्याच्या हातात दिली.

"तथी नोको ठेवू, राजा," ते म्हणाले. "थे जागा भरेल हाये."